अर्ध्या बोटाचा टायर

गाडी घेतली तेव्हा मी टायरवरचे आकडे वाचले नव्हते. रंग बघितला, एका चार्जमध्ये किती जाते ते विचारलं, आणि सही केली. माझी लॅब बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आणि घर केळव्याला, वाडीत. जाऊन-येऊन रोज पन्नास किलोमीटर. शेअर रिक्षात शेजारची बाई ‘कोणाची गं तू?’ इथून सुरुवात करते आणि पालघर यायच्या आत माझ्या लग्नापर्यंत पोचते. ते टाळायला मी गाडी घेतली, हे मी कोणाला सांगितलं नाही. पेट्रोल लागत नाही, एवढंच सांगितलं.

गाडी उभी राहायची रस्त्यावर, पिठाच्या गिरणीच्या शेडमध्ये. तिथेच चार्जिंगची सोय केली होती. गिरणीपासून आमच्या घरापर्यंत वाडीतून एक वाट जाते. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी आणि वाटेवर चाकांच्या दोन चाकोऱ्या. दोन्हींच्या मधे मातीचा उंचवटा, माशाच्या पाठीसारखा. आम्ही सगळे त्या पाठीवरूनच चालतो, कारण पावसाळ्यात चाकोऱ्यांत पाणी असतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घराकडे जाणाऱ्या वाटा मधे उंचच असतात.

माझी आत्या, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, आमच्यातच राहते. वाडी खरं तर तिनेच सांभाळली. पप्पा कारखान्यात पाळीवर असायचे तेव्हा नारळ उतरवून घेण्यापासून पाणी सोडण्यापर्यंत सगळं ती बघायची. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती त्या वाटेवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पालघरला ऑपरेशन झालं. घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलं, आठवड्यातून दोनदा आणा, नाहीतर पाय आखडेल आणि पलंग ते पडवी एवढंच चालणं राहील.

पहिल्यांदा रिक्षा आत आणली. रिक्षाला चाकं तीन. मागची दोन चाकोऱ्यांत बसली, पुढचं मधल्या उंचवट्यावर चढलं, आणि रिक्षा अशी डुलायला लागली की आत्याने दांडा धरून डोळे मिटले. दुसऱ्यांदा शेजारच्या काकांची उंच गाडी आणली. ती वाटेवरून आरामात आली, पण तिच्या पायरीवर आत्याचा पाय काही केल्या चढेना. तिसऱ्यांदा माझ्या दोन चुलतभावांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. गिरणीपाशी दळण घेऊन बसलेल्यांपैकी कोणीतरी ओरडलं, “अरे, पालखी आली! नारल आणा, नारल!”

सगळे हसले. आत्याही हसली. परत आल्यावर मात्र तिने पप्पांना सांगितलं, “पुन्ना खुर्ची आणायची नाय. मी देव नाय हाय. खांद्यावरनं एकदाच जायचं असतं, तवा मी काय बोलणार नाय.”

त्यानंतर ती तीन आठवडे कुठेही गेली नाही.

व्यायामाच्या बाईंनी सांगितलं होतं, गाडीची सीट गुडघ्याच्या उंचीला हवी. मी मोजून बघितलं. माझ्या गाडीची सीट बरोबर तेवढी होती. म्हणून एका रविवारी सकाळी मी गाडी वाटेवर घातली. पंधरा-वीस पावलं गेले असेन, खालून खर्रर्र आवाज आला. या गाडीला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे खालचं सगळं स्वच्छ ऐकू येतं. शोरूममध्ये एकच गोष्ट तीन-तीनदा सांगितली होती, की बॅटरी खाली, पोटात असते, तिला ठोकर लागू देऊ नका. मी तशीच मागे आले आणि चालत घरी गेले.

आत्या पडवीत बसली होती. इस्त्रीचं पातळ नेसून, हातात पाकीट, वॉकर बाजूला उभा केलेला.

“काय झालं?”

“खाली लागतंय.”

“बरं,” ती म्हणाली आणि वॉकर ओढून आत गेली. तो ‘बरं’ मला आठवडाभर ऐकू येत होता.

“टायर मोठे टाकू या,” पप्पा जेवताना म्हणाले. “गाडी उचलेल.”

वाटेवरचा उंचवटा खणू या, असं कोणीच म्हणालं नाही. मलाही ते सुचलं होतं आणि मी गप्प बसले होते. त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. तो उंचवटा आत्याचा होता. नारळ सोलल्यावर उरलेली सोडणं ती दर वर्षी पावसाळ्यानंतर त्या वाटेवर मधोमध अंथरायची, वर माती टाकायची, म्हणजे घरच्यांचे पाय कोरडे राहतील. ती पडली तेव्हाही हेच करत होती. सोडणांची पाटी शेजारी उलटी पडली होती. तेव्हापासून तिच्यासमोर कोणी त्या वाटेचं नाव काढत नव्हतं. आम्ही टायरबद्दल बोलत होतो.

मला मात्र टायर हा विषय अनपेक्षितपणे आवडायला लागला. माझ्या टायरवर लिहिलं होतं १७५/६५ आर १४. एवढी वर्षं रस्त्यावर असे आकडे फिरत होते आणि मी ते कधी वाचले नव्हते. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेवटचा म्हणजे मधल्या लोखंडी चाकाचा व्यास, इंचामध्ये. एकाच वस्तूवर दोन वेगळी मापं, आणि कोणाची काही तक्रार नाही. मधला आकडा सगळ्यात गमतीचा. ते माप नाहीच, ती टक्केवारी आहे. रुंदीच्या पासष्ट टक्के एवढी रबराची भिंत उंच. म्हणजे रुंदी बदलली की मधला आकडा तोच राहूनही उंची बदलते.

कंपनीच्या पार्किंगमध्ये मी जेवणाच्या सुट्टीत गाड्यांचे टायर वाचत फिरायला लागले. खाली वाकून, वहीत आकडे उतरवत. चौथ्या दिवशी वॉचमन काका जवळ आले.

“मॅडम, कोणाची हवा काढायची आहे का? नाव सांगा, आम्हीच काढतो.”

मी हसले आणि वही पर्समध्ये टाकली. नंतर ते रोज मला ‘टायर मॅडम’ म्हणत सलाम ठोकायचे.

त्या वहीत मी हिशेब मांडला. पासष्टच्या जागी सत्तरचा टायर घेतला, तर व्यास साडेसतरा मिलिमीटरने वाढतो. मी पप्पांना ऐटीत सांगितलं. पप्पा वाडीत सगळं बोटांनी आणि हातांनी मोजतात. त्यांनी तर्जनी पुढे केली. मी लॅबच्या स्टीलच्या पट्टीने त्यांच्या बोटाची जाडी मोजली. साधारण साडेसतराच.

“म्हंजे एक बोट,” पप्पा खूश झाले.

रात्रभर मला काहीतरी टोचत होतं. सकाळी ब्रश करताना लक्षात आलं, व्यास वाढला तरी गाडी त्याच्या निम्मीच वर जाणार. उरलेला निम्मा भाग आसाच्या वर जातो, त्याचा पोटाला काही उपयोग नाही. पावणेनऊ मिलिमीटर. रोज दशांशापर्यंत मोजणारी मी हे विसरले होते.

“अर्धं बोट,” मी पप्पांना सांगितलं.

“अर्ध्या बोटासाठी चार टायर?” ते माझ्याकडे बघतच राहिले.

तरी आम्ही शनिवारी बोईसरला, सरावलीच्या बाजूच्या एका टायरच्या दुकानात गेलो. मालक बिहारकडचे, पन्नाशीचे, तोंडात बडीशेप. गाडी माझी, पण ते पप्पांशीच बोलत होते. मला ते सोयीचं होतं.

“अंकल, चौदा निकालो, पंद्रह का अलॉय डालो. गाड़ी अपने आप उठ जाएगी.”

त्यांनी सुचवलेला टायर होता १८५/५५ आर १५. मी फोनवर हिशेब केला आणि फोन पप्पांसमोर धरला. पप्पांनी चष्मा वर केला, वाचलं आणि म्हणाले, “लडकी बोलती है नहीं उठेगी.”

“कैसे नहीं उठेगी? पंद्रह बड़ा कि चौदा बड़ा?”

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. दुकानातले दोघेतिघेही. मी तोंडाने सांगू शकले नसते. मी उठले आणि दोन्ही टायरांकडे बोट दाखवलं. मालकांनी हसत माझ्या मापाचा चौदाचा टायर आणि नवा पंधराचा शेजारी शेजारी उभे केले आणि वर एक फळी आडवी ठेवली. फळी सपाट बसली. त्यांनी ती उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा सपाट.

“अरे!” ते वाकून बघायला लागले. “ये तो बराबर है.”

आतलं चाक इंचभर मोठं झालं होतं, पण रबराची भिंत तेवढीच बुटकी झाली होती. दिसायला रुबाबदार, उंचीला तेवढाच.

“मॅडम इंजीनियर हैं क्या?”

“नाय, केमिस्ट,” पप्पांनी मराठीतच सांगून टाकलं.

मग मालकांना जोर चढला. त्यांनी त्याच पंधराच्या चाकावर जाड भिंतीचा एक टायर काढला, १८५/६५. तो खरंच एक बोट वर नेणारा होता. पण स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो आतल्या बाजूला घासेल, हे त्यांनीच हाताने मापून कबूल केलं. शिवाय रुंद आणि जड टायर म्हणजे गाडीला ओढायला जास्त ताकद आणि एका चार्जमध्ये कमी अंतर, हे मला माहीत होतं. आणखी एक गोष्ट मी तोपर्यंत शिकले होते. मापानंतर एक बारीक आकडा असतो, एका टायरने किती वजन पेलायचं त्याचा. बॅटरीमुळे माझी गाडी तिच्या आकाराच्या मानाने जड आहे. तो आकडा कमी होऊन चालणार नव्हतं.

आम्ही काही न घेता परतलो.

“आपल्याला लागतं किती तेच आपल्याला ठाऊक नाय,” पप्पा परतीच्या वाटेवर, आमच्या शेजारच्या माहीम गावाच्या अलीकडे म्हणाले. ते खरं होतं. लॅबमध्ये मी हे कोणाला चालवून घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी विहिरीजवळची चिकणमाती भिजवून लाडू वळले. वाटेवरच्या उंचवट्यावर दर पाच पावलांना एक चपटा लाडू ठेवला, सगळे एकाच उंचीचे. मी प्रत्येकाची उंची पट्टीने बघितली. पप्पा म्हणाले, दुकानातल्या मिठाईवाल्यानेही कधी एवढं बघितलं नसेल. मग गाडीचे पुढचे भाग वाचवत ती ढकलत ढकलत, अगदी हळू आत न्यायची, खरवडायला लागली की थांबायचं, आणि त्याच्या अलीकडचा लाडू किती चेपला ते बघायचं, असा बेत होता. चुलतभाऊ मागून धरायला आले.

“पालखीचे भोई परत आले,” त्यातला धाकटा म्हणाला.

पडवीच्या खिडकीत आत्या बसली होती. ती आम्हाला दिसत होती आणि आम्ही तिला. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

चेपलेल्या लाडवांवरून आणि पुढच्या उंचवट्याच्या मापावरून जे निघालं ते असं. दीड बोट कमी पडत होतं. घासल्याशिवाय जाणारा सगळ्यात मोठा टायर अर्धं बोट देणार. मी चाकोरीच्या कडेला उकिडवी बसून वहीत दीड वजा अर्धं असं लिहून ठेवलं. उत्तर एक. एका बोटासाठी माझ्याकडे काहीही नव्हतं.

“सरले लाडू?” खिडकीतून आवाज आला.

पप्पा दचकले. “काय नाय ताई, जरा बघत होतो.”

“एक महिना बघताय. टायर मोठी करा, चाक मोठं करा, बोईसर पालथा घाला. घरात मानूस बसलाय त्याला काय इचारू नका.”

चुलतभावांनी गाडीवरचे हात काढून घेतले.

“ती मधली सोडनं कोनी टाकली?”

पप्पांनी हातातली माती पुसली. “तूच.”

“मग? मी काय मेली नाय. माज्या सोडनांवर मी पडली, ती काय मला खायला उठणार नाय. काडा ती.”

“ताई, आमी म्हटलं तुला वाईट वाटंल—”

“वाईट घरात बसून वाटतं,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आनि तू गो बाय? एवडी वही घेऊन फिरतेस, तुला पन इचारता आलं नाय?”

मला इंग्रजीत दोन कारणं सुचली. मराठीत एकही सुचलं नाही. मी वही मिटली.

दुपारपर्यंत तिची खुर्ची पडवीच्या पायरीपाशी आली होती. पुढचे दोन रविवार तिने तिथून काम करून घेतलं. मधल्या उंचवट्यावर पिकास घातली की आत वर्षावर्षांची सोडणं थरांनी निघत होती. वरची तपकिरी, खालची काळी, अगदी तळाची बोटांत चुरडली की मातीच होणारी. मी एकेक थर बघत होते. किती पावसाळ्यांनंतरच्या किती सकाळी तिने एकटीने इथे वाकून घालवल्या असतील, ते आता हाताला लागत होतं. ते सगळं टाकून द्यायचं नव्हतं. आत्याच्या सांगण्याप्रमाणे ते उचलून दोन्ही चाकोऱ्यांत भरायचं होतं, वर सुकी सोडणं आणि माती.

“पालथी घाल! पालथी!” ती ओरडायची. “उतानी घातली तर पानी धरते, माजं काय झालं बगितलंस ना?”

असं ती स्वतःच्या पडण्याबद्दल पहिल्यांदाच बोलली, आणि तेही सोडणांचा धडा म्हणून.

एका बोटाच्याही वर काम झालं असतं, पण विहिरीजवळ घात झाला. तिथे शेजारच्या काकांच्या वाडीत जाणारा पाण्याचा पाइप आमच्या वाटेखालून आडवा जातो. उंचवटा त्याच्या खाली नेता येईना. पुन्हा मातीचे लाडू वळले, पुन्हा मोजलं. सगळीकडे गाडी मोकळी जात होती. पाइपावरचा एक लाडू मात्र चेपला. पट्टी लावली. आठ मिलिमीटर.

पप्पांनी तर्जनी धरली आणि तिच्या मध्यावर अंगठा ठेवला. “अर्धं बोट,” ते म्हणाले.

यावेळी मी बोईसरला एकटी गेले. सोमवारी लॅब सुटल्यावर, वाटेत तीन वेळा मनात म्हणून बघत. एकशे पंच्याहत्तर म्हणताना माझी नेहमी पंच्याहत्तर आणि पंच्याऐंशीमध्ये गल्लत होते. दुकानात गेल्यावर कळलं, टायरवाले आकडे इंग्रजीतच बोलतात.

“बोलो मॅडम. अंकल नहीं आए?”

“वन सेवन्टी फाइव्ह, सेवन्टी, आर फोर्टीन,” मी म्हणाले. “और लोड एटी फोर. उससे कम नहीं.”

मालकांनी बडीशेपेचा डबा माझ्यासमोर धरला. आधीच्या वेळी फक्त पप्पांसमोर धरला होता. “इतना फर्क चलता है,” ते म्हणाले, “पर मीटर थोड़ा कम बताएगा, याद रखना.”

ते मी आधीच काढलं होतं, तरी ते त्यांच्या तोंडून ऐकायला मला बरं वाटलं. टायर बसवल्यावर पप्पांनी घरी खात्रीही करून घेतली. पोफळीची रोपं एका रेषेत लावायला त्यांच्याकडे गाठी मारलेली काथ्याची दोरी आहे. टायरवर खडूची खूण केली, गिरणीच्या शेडमध्ये गाडी एक फेरा पुढे ढकलली आणि दोरीने मोजली. मग मी पट्टीने. जुन्या टायरपेक्षा एका फेऱ्याला साडेपाच सेंटिमीटर जास्त. गाडीला हे माहीत नाही. ती अजून जुन्याच चाकांनी मोजते. माझे रोजचे पन्नास किलोमीटर तिला साडेअठ्ठेचाळीस वाटतात. पहिल्या आठवड्यात मला वाटलं चार्ज जास्त संपतोय. थोडा संपतही होता, पण बाकीचा फरक न मोजलेल्या अंतराचा होता. तो आकडा मी आजही मनातल्या मनात दुरुस्त करते.

गुरुवारी मी अर्धी रजा घेतली. गाडी गिरणीपासून वाटेत घातली, काचा खाली केल्या आणि रेडिओ बंद केला. चाकांखाली सोडणं किंचित दबत होती, गादीवर चालल्यासारखी. विहीर आली. काहीच ऐकू आलं नाही. पुढे गेल्यावर उतरून मागे बघितलं. पाइपावर पप्पांनी कधीतरी येऊन एक लाडू ठेवून दिला होता. त्याच्या डोक्यावर ओरखडाही नव्हता.

आत्या पडवीत बसली होती. तेच इस्त्रीचं पातळ. गाडी पायरीला लागली तेव्हा ती वॉकर धरून उठली, पाठ सीटकडे केली आणि बसली. मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं तसंच. पप्पांनी मदतीला हात पुढे केला होता, तिने त्यावर पाकीट ठेवलं.

सीट अर्धं बोट उंच झाली होती. तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

मी गाडी सुरू केली. तिला वाटलं अजून बंदच आहे.

“चालू हाय?”

“हो.”

वाटेवर ती सरळ पुढे बघत होती. ज्या जागी ती पडली होती तिथून आम्ही गेलो. मला ती जागा माहीत आहे. विहिरीच्या अलीकडे, दोन पोफळींच्या मधे. मी वेग आणखी कमी केला. तिने काच पूर्ण खाली घेतली आणि बाहेर डोकं काढून चाकाकडे बघितलं.

“डाव्या अंगाला सोडनं कमी पडली,” ती म्हणाली. “उद्या सांग त्यांना.”

गिरणीपाशी दळण घेऊन तेच लोक बसले होते. कोणीतरी हात वर केला, काहीतरी बोलणार होता. आत्यानेच आधी खिडकीतून आवाज दिला, “काय रे, नारल आनलास का?”

तो हसला आणि त्याने रस्ता मोकळा केला.

“खाली काय लागलं?” तिने मला विचारलं.

“नाही.”

“मंग चल. मला सोमवारचापन टाइम घेऊन ठेवायचाय.”